मूळ चिपचं सोवळं

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या संग्राहकांत एक मत सध्या फार तोऱ्यात वावरतं. यंत्रातली मूळ चिप गेली की यंत्र संपलं. तिच्या जागी आज घडवलेली चिप बसवणं ही भेसळ आहे. खेळायचीच हौस असेल तर संगणकावर इम्युलेटर आहे, यंत्राला हात लावू नका, ते कपाटात ठेवा. असं म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांतल्या अनेकांच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न आहे, ऑसिलोस्कोप आहे, आणि घरात पदरमोड करून जमवलेला संग्रह आहे. त्यामुळे त्यांना झटकून टाकता येत नाही. एकेक मुद्दा घेऊनच बोललं पाहिजे. माझं म्हणणं असं, की ही मंडळी चिपची काळी वडी जपतात आणि ती वडी जे काम करत होती ते डोळ्यांदेखत घालवतात.

वाद कुठल्या चिपबद्दल आहे ते आधी सांगतो. त्या काळच्या गेम यंत्रांत दोन जातींच्या चिप सापडतात. एक जात बाजारात कुणालाही मिळणारी: ७४ मालिकेतली लॉजिक, मेमरी, झेड८० किंवा ६८००० सारखे प्रोसेसर. त्या आजही कुठून ना कुठून मिळतात. लॅमिंग्टन रोडवर हिंडायची तयारी असली तर बरंच काही हाती लागतं. दुसरी जात कंपनीनं फक्त आपल्या यंत्रासाठी घडवून घेतलेल्या चिपची. अटारी २६०० मध्ये (१९७७) चित्र आणि आवाज दोन्ही सांभाळणारी जे मायनर यांची टीआयए, कमोडोर ६४ मधली (१९८२) बॉब यानेस यांची सिड, त्याच वर्षीच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रममधली फेरांटीची यूएलए, पॅक-मॅन आणि गॅलागाच्या बोर्डांवरच्या नामकोच्या नुसत्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या चिप. त्या सुट्या विकण्यासाठी बनल्याच नव्हत्या. बहुतेकींच्या आतली रचना कागदावर कधी बाहेर आली नाही. आराखडे कंपनीच्या कपाटात राहिले, आणि पुढे कित्येकदा कपाटासकट कंपनीही गेली. कमोडोरचं दिवाळं एप्रिल १९९४ मध्ये निघालं.

या चिप मरतात हे विरोधकही नाकारत नाहीत. कमोडोरचंच प्लस/४ घ्या, १९८४ सालचं. त्यातली चित्र-आवाजाची टेड चिप आणि ८५०१ प्रोसेसर इतक्या तापतात आणि इतक्या सर्रास जातात, की चालू स्थितीतलं प्लस/४ हाती आलं तर दुरुस्ती करणारा माणूस आधी त्यांच्या डोक्यावर हीटसिंक चिकटवतो, बाकीचं मग बघतो. कपाटात ठेवलेलं यंत्र तापत नाही, खरं आहे. पण कपाटातही पाय गंजतात, कपॅसिटर पाझरतात, बॅटरी फुटून तिचं पाणी बोर्डावरचं तांबं खातं. आणि यंत्र कधी चालूच करायचं नाही, तर आतली चिप जिवंत आहे की गेली, हे कळणार कसं?

कमोडोर ६४ चालू केलं आणि पडदा नुसता काळा राहिला, तर जाणकाराचा हात आधी पीएलएकडे जातो. अठ्ठावीस पायांची ही चिप दिसायला अगदी सामान्य. तिच्यात सोळा तारा शिरतात आणि आठ बाहेर पडतात. प्रोसेसरनं एखादा पत्ता मागितला की त्या क्षणी त्याला मेमरी दिसावी, बेसिकचा रॉम दिसावा, अक्षरांचा रॉम दिसावा, की मागून खोचलेली कार्ट्रिज, हे ती ठरवते. सोळा तारांच्या शक्य जुळण्या होतात ६५,५३६. नेमकी तेवढीच घरं असलेला, प्रत्येक घरात आठ बिट ठेवणारा ईप्रॉम बाजारात मिळतो: २७सी५१२. म्हणजे पीएलएचा सगळा निर्णय तक्त्यासारखा एका स्वस्त ईप्रॉममध्ये उतरवता येतो. पाय जुळवणारा छोटा अडॅप्टर घातला की तो त्याच सॉकेटमध्ये बसतो आणि ओळखीचा निळा पडदा उजळतो.

भेसळवाद्यांचा पारा चढतो तो इथे. त्यांच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे आणि ती मी त्यांच्याआधी सांगून टाकतो. हा तक्ता शंभर टक्के बरोबर असूनही काही बोर्डांवर यंत्र मधूनच अडखळतं, एखादी कार्ट्रिज चालत नाही. कारण ईप्रॉमचा पत्ता बदलत असताना त्याच्या बाहेरच्या तारा क्षणभर भलतंसलतं बोलतात, आणि मेमरीला जाणारा इशारा मूळ पीएलएपेक्षा काही नॅनोसेकंद पुढेमागे होतो. मूळ यंत्र त्या नॅनोसेकंदांच्या भरवशावर उभं होतं. तशी नोंद मात्र कुठल्याही कागदावर नव्हती. हे कळलं कसं? प्रतिकृती करणाऱ्यांनी आधी साधी प्रतिकृती केली, ती फसली, मग त्यांनी ऑसिलोस्कोप लावून विलंब मोजले, चिप उघडून पाहिली, आणि पुढची प्रतिकृती सीपीएलडीवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी भरता येणाऱ्या चिपवर, तो विलंब धरून बांधली. नुसती मूळ चिप सॉकेटमध्ये बसवून कौतुकानं बघत राहणाऱ्याला हे कधीही कळलं नसतं. चालणारी चिप काही सांगत नाही.

आता त्या ‘मूळ’ पीएलएची कुळकथा. सुरुवातीच्या कमोडोर ६४ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीची तयार ८२एस१०० असायची, हवा तो तक्ता आत भरलेली. पैसे वाचवायला कमोडोरनं तिच्याबरहुकूम चालणारी चिप स्वतःच्या कारखान्यात बनवायला घेतली. हीच ती ९०६११४, जी भरमसाट तापते आणि जिच्यामुळे पडदे काळे होतात. म्हणजे संग्राहक ज्या चिपला अस्सल म्हणून डोक्यावर घेतात, ती मुळात एका दुसऱ्या चिपची प्रतिकृती आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव विचाराल तर वाईट प्रतिकृती आहे. फरक इतकाच, की तिच्यावर कमोडोरचा शिक्का आहे. मग शिक्क्याला सोवळं म्हणायचं की कामाला?

त्या काळच्या उद्योगालाही असलं सोवळं माहीत नव्हतं. एका कंपनीची चिप दुसऱ्या कंपनीनं परवान्यानं बनवणं हा तेव्हाचा रिवाजच होता. गिऱ्हाईक तसा आग्रह धरायचं, कारण एकच कारखाना बंद पडला तर आपलं यंत्र अडेल ही भीती. ६५०२ प्रोसेसर मॉस टेक्नॉलॉजीबरोबर रॉकवेल आणि सिनरटेकही बनवत. निन्टेन्डोच्या फॅमिकॉममधली रिकोची २ए०३ ही चिप उघडून पाहिली तर आत तोच ६५०२ चा गाभा सापडतो, दशमान बेरजेची सोय तेवढी बंद केलेली. मारिओच्या अस्सलपणाची एवढी वर्णनं होतात, त्याच्या पोटात उसना गाभा धडधडतो आहे याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

सिडची गोष्ट तर याहून बोलकी. सिडची पहिली आवृत्ती ६५८१. तिच्यात आवाजाची एकूण पातळी ठरवणारं चार बिटांचं रजिस्टर होतं, म्हणजे सोळा पायऱ्या. चिपच्या बाहेर येणाऱ्या तारेवर एक नको असलेला स्थिर व्होल्टेज राहायचा. त्यामुळे ही पायरी बदलली की स्पीकरमधून बारीक ‘टक्’ यायची. शुद्ध दोष. पण प्रोग्रामरांनी तो हेरला आणि सेकंदाला हजारो वेळा पायरी बदलून त्या टकटकीतून ढोलाचे ठोके, माणसाचं बोलणं, हवा तो ध्वनी काढला. तीन आवाजांच्या चिपमधून चौथा आवाज निघाला. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमोडोरनं ८५८० ही सुधारित सिड आणली. त्यात तो स्थिर व्होल्टेज जवळजवळ नाहीसा झाला. अभियंत्यांनी दोष काढला आणि त्याबरोबर जुन्या खेळांतलं बोलणं कुजबुजीवर आलं. मग लोकांनी काय करावं? ८५८० च्या पायाला एक रोधक जोडून तो दोष परत आणला! शिवाय ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. एकीच्या जागी दुसरी तशीच खोचली तर ती जायची भीती. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या या दोन अस्सल चिप. यांतली मूळ कुठली? ज्या खेळाचं संगीत ६५८१ वर बसवलं, त्याच्यापुरती कमोडोरचा शिक्का असलेली ८५८० ही परकी आहे. आणि ६५८१ चा दोष इमानानं उतरवलेली आजची प्रतिकृती जवळची आहे. हे मान्य करायला जड जातं, कारण संग्रहाचा भाव शिक्क्यावर ठरतो. भावाचा प्रश्न असेल तर तसं सरळ म्हणावं. वारशाचं नाव कशाला?

आपल्याकडच्या वाचकाला या वादात एक वेगळीच साक्ष देता येईल. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, पिवळ्या-लाल कॅसेटी खोचायचा, ‘९९९९ इन १’ म्हणत तेच आठ-दहा खेळ फिरवून दाखवायचा, तो बहुतेक ठिकाणी निन्टेन्डोचा नव्हताच. समुराई नावानं अधिकृत यंत्र विकलं गेलं होतं, पण घरोघरी पोचली ती तैवान-चीनकडची नक्कल. अशा यंत्रांसाठी तैवानच्या यूएमसी कंपनीनं रिकोच्या चिपच्या नकला बनवल्या होत्या. काही नकलांमध्ये आवाजाच्या चौकोनी लहरींच्या दोन रुंदी आपसात बदललेल्या आहेत, त्यामुळे काही स्वर मुळापेक्षा वेगळ्या पोताचे वाजतात. ज्यानं लहानपणी काँट्राचं संगीत अशा यंत्रावर ऐकलं, त्याला खरी फॅमिकॉम ऐकवली तर तीच चुकीची वाटेल.

पण याच नकलाकारांनी एक काम निन्टेन्डोपेक्षा शहाणपणानं केलं. फॅमिकॉम जपानी टीव्हीसाठी बनली: सेकंदाला ६० चित्रं, प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. पाल पद्धतीच्या, ५० चित्रांच्या देशांसाठी निन्टेन्डोनं आपली चिप बदलली तेव्हा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर आणला, आणि पडद्याची एक रेघ काढायला लागणाऱ्या वेळात तो आधीपेक्षा कमी पावलं चालू लागला. ज्या जपानी खेळांनी रेघ आणि पाऊल यांचा हिशेब पक्का धरला होता त्यांची चित्रं फाटू लागली, सूरही उतरले. यूएमसीच्या पाल टीव्हीसाठी केलेल्या चिपमध्ये घड्याळ १.७७ मेगाहर्ट्झचं, रेघ आणि पाऊल यांचं प्रमाण जपानी यंत्राइतकंच, आणि उरलेला वेळ चित्र संपल्यानंतरच्या रिकाम्या रेघांत ढकललेला. म्हणून मूळ जपानी खेळ ५० चित्रांच्या टीव्हीवर निन्टेन्डोच्या स्वतःच्या पाल यंत्रापेक्षा या नकलेवर जास्त नीट चालतात. इकडे आलेल्या प्रत्येक पेटीत हीच चिप होती असा माझा दावा नाही. पण मुळाचं काम कुणाला जास्त कळलं होतं हे शिक्का बघून ठरत नाही, एवढं तरी यातून दिसतं.

प्रत म्हणजे खोटं, असं मानणाऱ्या मराठी माणसानं तर जरा थांबावं. ज्ञानेश्वरांच्या हातची ज्ञानेश्वरी आपल्यापाशी नाही. परंपरा सांगते की ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. तीनशे वर्षांत नकला होत होत पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी वेगवेगळ्या पोथ्या जुळवून पाठ शुद्ध केला, आणि त्यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. चिपची प्रतिकृती करणाऱ्याचं व्रत नेमकं हेच असायला हवं: मिळतील तितक्या प्रती जुळवायच्या, आणि आपली ओवी घालायची नाही. दोष आहे तर दोषासकट उतरवायची.

आता इम्युलेटरवाले. यांचा मुद्दा वरकरणी बिनतोड: खेळ संगणकावर चालतो आहे, मग लोखंड कशाला जपायचं? मीही इम्युलेटर वापरतो. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं मेम हे इम्युलेटर नसतं तर हजारो खेळ आज नावापुरतेही उरले नसते. कंपन्यांच्या भरवशावर राहिलो असतो तर काय झालं असतं त्याचा अंदाज अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासावरून येतो: २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. पण इम्युलेटरला चिपचं वागणं कळतं कुठून? नामकोच्या गॅलागासारख्या बोर्डांवरच्या काही चिप म्हणजे आत स्वतःचा प्रोग्राम असलेले छोटे प्रोसेसर. तो प्रोग्राम वाचता येत नव्हता तोवर मेममध्ये त्यांचं वागणं अदमासानं लिहिलेलं होतं. चिप उघडून आतला रॉम वाचल्यावर अदमास गेला आणि खरा प्रोग्राम आला. सेगा मेगा ड्राइव्हमधल्या यामाहाच्या वायएम२६१२ या चिपचं तसंच. तिच्या ध्वनी-परिवर्तकात शून्याजवळ एक मोठी पायरी आहे. त्यामुळे अगदी हळू स्वर थोडे फाटतात आणि हवे त्यापेक्षा मोठे येतात. तिच्या वायएम३४३८ या भावंडात हा दोष नाही. या घराण्याच्या चिपचा सगळ्यात इमानी मानला जाणारा सॉफ्टवेअर अवतार चिपच्या छायाचित्रांवरून, एकेक ट्रान्झिस्टर वाचून लिहिला गेला. म्हणजे इम्युलेटर आणि प्रतिकृती हे प्रतिस्पर्धी नव्हेत. दोघं एकाच कागदावरून वाचतात, आणि तो कागद तयार करणाऱ्याच्या नावानं इम्युलेटरवाल्यांनी खडे फोडणं म्हणजे कृतघ्नपणा.

तो कागद तयार कसा होतो हे पाहिलं की तिसरा आक्षेप समोर येतो: तुम्ही दुर्मीळ चिप ॲसिडमध्ये घालता! घालतात, खरंच. चिपचं काळं आवरण धूर ओकणाऱ्या नायट्रिक किंवा सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवतात. आत नखाएवढा किंवा त्याहून लहान सिलिकॉनचा तुकडा निघतो. तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, शेकडो छायाचित्रं घ्यायची, एकमेकांना जोडायची. मग धातूचा थर काढून खालचा थर, पुन्हा छायाचित्रं. त्यावर माणसं महिनोन्‌महिने बसून रेघा ओढतात: ही तार इथून तिथे, हा ट्रान्झिस्टर, हे गेट. काही रॉममध्ये शून्य आणि एक यांच्यातला फरक सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या अशुद्धीचा असतो, तो नुसत्या डोळ्याला सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. वेगळ्या रसायनानं तो भाग निराळा रंगवावा लागतो, आणि तिथे हात चुकला की तुकडा गेला. २०१० मध्ये व्हिज्युअल ६५०२ या गटानं ६५०२ ची अशी छायाचित्रं घेऊन तिचे सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर ब्राउझरमध्ये चालते केले. कुणीही उघडून बघावं, एकेक तार रंग बदलताना दिसते. 

आक्षेपाचं उत्तर असं की ॲसिडमध्ये जाते ती बहुतेकदा मेलेली चिप. एखादी बारीक तार तुटून किंवा बाहेरचा एखादा भाग जळून चिप निकामी होते, पण तिच्यावरची नक्षी जशीच्या तशी असते, आणि वाचायची असते ती नक्षीच. जगात एकच नमुना उरला असेल आणि तो चालत असेल तर मीही म्हणेन, हात लावू नका. पण कपाटात मेलेल्या चिपचे सहा बोर्ड बाळगून ‘दुर्मीळ आहेत’ म्हणून एकही न देणाऱ्याला काय म्हणावं? आणि दिरंगाईला मुदत आहे. १९७० च्या दशकातल्या चिपवरच्या रेघा जाड. ६५०२ आठ मायक्रॉनच्या प्रक्रियेवर बनली. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण अर्धा मायक्रॉनपर्यंत नीट दिसतं. पुढच्या काळातल्या चिप बारीक होत गेल्या, धातूचे थर वाढत गेले, त्या हौशी माणसाच्या हाताबाहेर जातात. ज्या पिढीच्या चिप आज घरगुती प्रयोगशाळेत वाचता येतात, त्याच पिढीच्या चिप आज सगळ्यात वेगानं मरताहेत.

मूळ यंत्रच जपा, म्हणणाऱ्यांना एक बोर्ड दाखवावासा वाटतो: कॅपकॉमचा सीपीएस-२, १९९३ पासूनचा, सुपर स्ट्रीट फायटर २ वाला. खेळाचा प्रोग्राम त्यात कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली एका बॅटरीच्या जिवावर चिपमध्ये धरलेली. बॅटरी उतरली की किल्ली पुसली जाते, पडद्यावर एकच रंग पसरतो, बोर्ड संपला. ही मोडतोड नव्हे. नक्कल रोखायला कंपनीनं मुद्दाम केलेली रचना. म्हणजे हात न लावता कपाटात ठेवलेला बोर्ड हमखास मरणार, हे कंपनीनंच ठरवून दिलं होतं. आधी लोकांनी कुलूप काढलेला, थोडा बदललेला प्रोग्राम भरून हे बोर्ड उठवले. मग २००७ च्या सुमारास ती कुलूपपद्धत उलगडली गेली, आणि २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ किल्ली मूळ चिपमध्ये परत कशी भरायची तेच शोधून जाहीर केलं. आज एका साध्या आर्डुइनोनं मेलेला बोर्ड त्याच्या अस्सल रूपात उठतो. हात न लावण्याचा धर्म पाळला असता तर हे सगळे बोर्ड भिंतीवर टांगायच्या लायकीचे उरले असते.

कायद्याचा मुद्दा काढणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेनं चिपच्या नक्षीला संरक्षण देणारा कायदा १९८४ मध्ये केला. मुदत दहा वर्षं, आणि अभ्यासासाठी नक्षी उलगडून पाहायला त्यातच मोकळीक. १ जुलै १९८३ च्या आधी बाजारात आलेल्या चिपला तर त्याचं संरक्षण मुळातच नाही. सिड, टीआयए, पॅक-मॅनच्या चिप यात बसतात. आपल्याकडचा २००० सालचा कायदाही दहाच वर्षांची मुदत देतो, आणि संशोधन, विश्लेषण, शिकवणं यांसाठी सूट ठेवतो. १९९२ मधला अटारी गेम्स विरुद्ध निन्टेन्डो हा खटला विरोधक हमखास पुढे करतात. अटारी गेम्सच्या लोकांनी निन्टेन्डोच्या कुलूप-चिपचे थर रसायनांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, आणि ते हरले. पण हरले कशानं? त्यांनी कॉपीराइट कार्यालयात खोटं कारण देऊन प्रोग्रामची प्रत मिळवली होती. न्यायालयानं समजून घेण्यासाठी केलेलं उलगडणं वाजवी ठरवलं; ठपका आला तो खोट्या अर्जावर आणि उचललेल्या मजकुरावर.

एक अडचण मात्र खरी आहे. चिपच्या पोटातल्या रॉममध्ये प्रोग्राम असेल तर त्यावर नक्षीचा कायदा चालत नाही, कॉपीराइट चालतो; अमेरिकेत कंपनीसाठी लिहिलेल्या अशा कामावर प्रकाशनापासून ९५ वर्षं. १९८५ चा प्रोग्राम २०८० सालाअखेर मोकळा होईल. तोवर ती चिप जगेल असं कुणी छातीठोक सांगेल का? इथे कायदा बदलायला हवा, आणि तो बदलेपर्यंत वाचून ठेवलेलं जपून ठेवायला हवं.

ही सगळी पैसेवाल्या मध्यमवयीन पुरुषांची हौस आहे, असंही म्हणतात. बऱ्याच अंशी आहेच. पुढे?

आता आमच्याच बाजूची झाडाझडती, कारण विरोधकांना खरं बळ तिथून मिळतं. भलत्याच चिपची पाठ घासून, वर ६५८१ छापून विकणारे आहेत. त्यांना प्रतिकृतीकार म्हणणं हा प्रतिकृतीकारांचा अपमान. प्रतिकृतीवर ती प्रतिकृती आहे हे लिहिलेलं असावं आणि यंत्र विकताना सांगितलेलं असावं, याबद्दल दोन मतं नकोत. दुसरे ते सुधारक, ज्यांना सिडच्या फिल्टरमधली खरखर साफ करायची असते, रंग ठळक करायचे असतात. करा, पण मग त्याला सिड म्हणू नका.

तिसऱ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. हे लोक वर्षानुवर्षं खपून चिप उलगडतात, तिची उत्तम प्रतिकृती बनवतात, आणि मग तिच्यावर वाचन-बंदी लावून विकतात. आतलं व्हेरिलॉग, म्हणजे चिपचा लिहून काढलेला आराखडा, कुणाला दाखवत नाहीत. पोटापाण्याची कारणं मला कळतात. एवढ्या कष्टाचे पैसे मिळायलाच हवेत. पण ज्या एफपीजीएवर, म्हणजे सीपीएलडीच्याच जातीच्या मोठ्या चिपवर, ती प्रतिकृती उभी आहे तोही उद्या बाजारातून जाणार आहे. पाच व्होल्ट सोसणारे जुने सीपीएलडी एकामागून एक बंद होताहेत, आणि १९७६ पासून चाललेल्या मूळ झेड८० चं उत्पादनही झायलॉगनं २०२४ मध्ये थांबवलं. व्हेरिलॉग हाती असेल तर ते दुसऱ्या एफपीजीएवर, उद्या कदाचित खऱ्या सिलिकॉनवरही उतरवता येईल; २०२० पासून स्कायवॉटर या चिप कारखान्याची १३० नॅनोमीटरची प्रक्रिया हौशी माणसांनाही खुली झाली आहे. व्हेरिलॉग नसेल तर विकत घेतलेला तो तुकडा म्हणजे आणखी एक बंद डबा. तेव्हा प्रतिकृती घेताना किंमत विचाराल त्याच दमात आराखडा कुठे ठेवला आहे तेही विचारा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तो कमोडोरपेक्षा जास्त वर्षं टिकणार आहे का, हे पण विचारा.